येताना किट घेऊन या

गौलीगुडा, हैदराबाद
११ जून २०२३

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. मोबाईलवर मी पानभर लिहितो आणि तू त्यावर एक अंगठा पाठवतेस, म्हणून म्हटलं आता कागदच. याला अंगठा लावायचा तर शाईचा लाव.

काल कार्यक्रम झाला. बेंगळूरचा मोठा बँड आला होता, आणि त्यांच्या आधी आपलं 'बिनशक्कर', पस्तीस मिनिटं. तू गाणं सोडून सहा वर्षं पुण्यात असलीस तरी माझ्या तोंडी 'आपलं'च येतं. निखिलची गिटार दोन गाण्यांत उतरली होती, पण माझा हात मस्त चालला. आता तूच सांग, या शहरात बाहेरचा कुठलाही बँड येऊ दे, त्याच्या आधी कोण वाजवतं? आपणच. अकरा वर्षं झाली. कॉलेजातल्या गणिताच्या मास्तराला एवढा मान पुष्कळ झाला.

आता विकासराव तुझ्या खांद्यावरून हे वाचणार आणि विचारणार, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. जावईबापू, एका संध्याकाळी तीन बँड असले तरी स्टेजवर ड्रमचं किट एकच असतं. दर वेळी उतरवायला आणि मांडायला वेळ कुणाला आहे? एकाचं किट मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यावरच वाजवायचं. पाहुण्यानं आपला स्नेअर, म्हणजे गुडघ्यांमधला तो करकरीत ड्रम, आपल्या झांजा आणि पायाचं पेडल तेवढं आणायचं. मोठा संसार यजमानाचा. ही आमच्या बिरादरीची रीत आहे, आज माझ्या किटवर तू, उद्या तुझ्या किटवर मी. आणि या शहरात तो संसार नेहमी माझा असतो.

कालचा तो बेंगळूरवाला आला, हात नाही मिळवला की काही नाही. म्हणतो, "भैया, ये थोडा नीचे करो." मला स्टेजवरचा माणूस समजला! आयत्या बिळावर नागोबा, वर मलाच भैया म्हणतो. मी केलं खाली. लहान आहे, जाऊ दे.

किटखालची सतरंजी तीच आहे, अफझलगंजात आपण दोघांनी घासाघीस करून घेतलेली. तिच्यावर माझ्या लाल चिकटपट्ट्या अजून आहेत, स्टँडचा कुठला पाय कुठं ठेवायचा त्याच्या. पाहुणे आपापल्या रंगाच्या लावतात आणि मी घरी आल्यावर त्या सोलून काढतो. एक निळा जोड मात्र मागे कधीचा तरी कुणी लावलाय, तो जाता जात नाही.

मुद्द्याचं आता. पाठीनं दगा दिलाय. मणका सरकला आहे, डॉक्टर म्हणतात वजन नक्को. तिसरा मजला, ट्रॉली ऑटो, परत तिसरा मजला, हे आता होणं नाही. स्वाती आहे ना, तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समधली, दोन वर्षं रविवारी माझ्याकडे शिकते. चार महिन्यांपूर्वी तिनं स्वतःचा बँड काढला. तिनं तीनदा विचारलं, सर, किट कधी द्यायचं झालं तर आधी मला सांगा. केवढा जीव आहे बघ पोरीचा गुरूच्या वस्तूवर. देऊनच टाकावं म्हणतो. पुढे फक्त स्नेअर मांडीवर घ्यायचा आणि साहेबासारखं बसनं जायचं. अकरा वर्षं सगळे माझ्या किटवर बसले, आता मी त्यांच्या किटवर बसेन.

तुझं काय म्हणणं आहे, कळव.

तुझा,
श्रीनूदादा


पुणे
२४ जून २०२३

ती. श्रीनूदादास केतकीचा शि. सा. नमस्कार.

दारात पोस्टमन बघून सासूबाईंनी आधी देवापुढे दिवा लावला, म्हणाल्या कोर्टाचं काहीतरी आलं. तुझं अक्षर बघून जिवात जीव आला सगळ्यांच्या. विकास म्हणतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ड्रमचं काही कळलं.

दादा, किट देऊ नकोस.

पाठीची काळजी घे, वजन अजिबात उचलू नकोस, पण त्यासाठी किट कशाला द्यायचं? निखिलचं घर तळमजल्यावर आहे, त्याच्याकडे ठेव. उचलायला माणूस लाव, नाहीतर मीच इथून कुणाला तरी सांगते. मामांनी, तुझ्या आप्पांनी, रिटायर झाल्यावर पहिल्यांदा हौसेनं घेतलेली वस्तू आहे ती, हे तरी आठव. ते किट घरात आलं त्या दिवशी मामांनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं आणि आपण दोघं हसून हसून पडलो होतो. आठवतं ना?

स्वाती चांगलीच असेल. पण ती नवीन आहे. तिनं आधी स्वतः काहीतरी करावं की. आणि साहेबासारखं बसनं जायचं वगैरे काही मनात आणू नकोस. कुणाच्या किटवर बसायचं म्हटलं की ते लोक कसे वागतात ते तुला माहीत नाही. तू नेहमी यजमान होतास.

घाई करू नकोस एवढंच सांगते. दिवाळीला इकडे ये, तेव्हा बोलू.

तुझी,
केतकी


गौलीगुडा
१६ जुलै २०२३

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. आप्पांचं हळदकुंकू तुला अजून आठवतं! पण वेडाबाई, वस्तूत इतकं गुंतायचं नसतं. आप्पा असते तर म्हणाले असते, वाजवणाऱ्याच्या हाती गेलं तर बरंच झालं.

तर गेल्या रविवारी दिलं. स्वाती ट्रॉली घेऊन आली, आई-वडिलांना घेऊन आली, वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, विकत नाही, देतोय. स्नेअर आणि झांजा मी ठेवल्या, कारण वाजवणं काही सोडलेलं नाही. सतरंजीही राहू दिली. किट गेल्यावर खोली इतकी मोठी दिसायला लागली की मी दोनदा आत जाऊन बघून आलो.

चिन्मयलाही सांगितलं फोनवर. चिन्मय म्हणजे तुझ्या पुण्याचाच, माधापूरला आयटीत आहे, हल्ली कार्यक्रम सगळे तोच लावतो. म्हटलं, आता फक्त स्नेअर घेऊन येत जाईन बाबा, मोकळा झालो. तो म्हणाला, "बरं बरं, सर, आराम करा." सज्जन मुलगा आहे. दर वेळी फोन ठेवताना न चुकता म्हणायचा, "सर, येताना किट घेऊन या हं." आता ते वाक्य त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल.

तुझा,
श्रीनूदादा


पुणे
२ ऑगस्ट २०२३

ती. श्रीनूदादास शि. सा. नमस्कार.

दिलंस तर दिलंस. आता एवढं कर. स्वातीशी नीट बोलून ठेव की आपला कार्यक्रम असेल त्या दिवशी किट तुला मिळालं पाहिजे. आणि तसं चिन्मयला लगेच फोन करून सांग, की किट येणार आहे, काही बदललेलं नाही. लगेच म्हणजे लगेच. का ते विचारू नकोस, कार्यक्रम लावणाऱ्यांना बदल आवडत नाहीत एवढंच.

घाईत लिहिते आहे. पाठीला शेक घेतोस ना?

केतकी


गौलीगुडा
२६ नोव्हेंबर २०२३

चि. केतकीस आशीर्वाद.

दिवाळीला आलो नाही, रागावली असशील. मन लागत नव्हतं.

तू सांगितलंस तरी मी काही स्वातीकडे किट मागितलं नाही. दिलेली वस्तू मागायची म्हणजे काय, लाज आहे की नाही काही? आणि चिन्मयला तरी कशाला सांगायचं? त्याला काय, बँड हवा की लाकूड हवं?

पण केतकी, जुलैपासून एकही बोलावणं नाही. बाहेरचे चार बँड येऊन गेले. चारही वेळा मी फोन केला. चिन्मय म्हणतो, "या वेळी जरा टाइट आहे सर." निखिल म्हणतो, "लाइट लो दादा, होता है." त्याला काय लाइट घ्यायला, तो तिशीतला आहे. मी शेहेचाळीसचा झालो.

आता खरं लिहितो, विकासरावांना वाचून दाखवू नकोस. माझं वाजवणं बिघडलं आहे का? अकरा वर्षं बोलावत होते आणि एकदम थांबले, म्हणजे माझंच काहीतरी गेलं असणार. रोज कॉलेजातून आलो की उशीवर दीड तास वाजवतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठोक्याशी ताडून बघतो. तिसऱ्या गाण्यात मी पुढे पळतो असं मला वाटतं. पूर्वीही पळायचो का? तू माझ्यापुढे दोन हातांच्या अंतरावर उभी राहून गायचीस, तुला माहीत असणार. खरं सांग. मला खोटं नको.

श्रीनूदादा


गौलीगुडा
२१ जानेवारी २०२४

केतकी,

दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. आता का नाही ते कळलं.

काल स्वातीच्या बँडचा कार्यक्रम झाला. मुंबईचा मोठा बँड आणि त्यांच्या आधी ही पोरं. वर्ष नाही झालं बँड काढून! मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो, पहिल्या रांगेत बसलो. शेजारच्याला सांगितलं, माझी विद्यार्थिनी आहे. वाजवलं ठीक. गाणारा बेसूर होता, बेसवाला मधेच हरवला. मी टाळ्या वाजवत होतो आणि मनात म्हणत होतो, या पोरांना बोलावलं आणि आम्हाला नाही, म्हणजे मी किती वाईट वाजवत असेन?

मधल्या सुट्टीत चिन्मयला गाठलं. म्हटलं, बाबा रे, खरं सांग, माझं काय चुकतंय? सुधारतो मी. त्याला आधी कळेचना. मग अगदी सरळ म्हणाला, कसलाही आडपडदा नाही, "सर, तुमचं काहीच चुकत नाही. किट त्यांच्याकडे आहे ना आता."

मी विचारलं, म्हणजे? तर म्हणतो, "मोठ्या बँडला चांगलं किट लागतं, ज्याचं किट त्याला पहिली पस्तीस मिनिटं. तसंच चालतं ना सर. तुमच्यापासूनच सुरू झालं ते."

तिथून मी निखिलकडे गेलो. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "दादा, मला वाटलं एव्हाना केतकीनं तुला सांगितलं असेल. तिनंच ठरवलं होतं ते, पहिल्यापासून."

घोडी आपली म्हणून आपण नवरदेव होत नाही. गावभर सगळ्यांना ठाऊक होतं, एक घोडीवालाच तेवढा मुंडावळ्या बांधून बसला होता.

तो बेंगळूरवाला मला भैया म्हणाला तेव्हा मी हसलो होतो. तोच एकटा बरोबर होता.

मला दोन गोष्टी सांग. हे तू केलंस का? आणि अकरा वर्षांत एकदा तरी, केवळ एकदा, कुणी आम्हाला आमच्यासाठी बोलावलं का? सवडीनं नको. लगेच लिही.

श्रीनिवास


पुणे
१ फेब्रुवारी २०२४

ती. श्रीनूदादास शि. सा. नमस्कार.

हो, मी केलं.

२०१२ साल. तुला आठवतं, मी एकटी त्या हॉलवाल्याला भेटायला गेले होते आणि तू खाली स्कूटरवर थांबला होतास. त्यानं आपलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि नाही म्हणाला. अर्धं गाणंही ऐकलं नाही. मी जिना उतरायला लागले. खाली तू दिसलास, दोन्ही हातांनी हँडलवर ताल धरून बसलेला. मी परत वर गेले आणि म्हटलं, आमच्याकडे किट चांगलं आहे, तुमच्या पाहुण्यांना वापरता येईल. तो म्हणाला, मग साडेसहाला सुरू करा.

तू विचारलंस, काय म्हणाला? मी म्हटलं, आवडलं त्याला.

पुढच्या वेळेपासून मी आधी किटचंच बोलायला लागले. लग्न होऊन इकडे येताना निखिलला सांगून आले, दादाला कळू देऊ नकोस.

तुझ्यासाठी केलं असं लिहिणार होते. लिहून फाडलं. मला गायचं होतं रे. माझ्याकडे दुसरं काय होतं तिथं? तुझं किट होतं.

दुसरा प्रश्न. तू खोटं नको म्हणालास, आता मीही थकले आहे खोट्याला. हो, एकदा बोलावलं होतं. २०१४ मध्ये मामा दवाखान्यात होते आणि तू त्यांच्यापाशी होतास. किट आम्ही नेलं होतं. आयत्या वेळी एक दुसराच ड्रमर बसला, सतरंजीवर आपल्या निळ्या पट्ट्या लावल्या, अर्ध्या तासात गाणी शिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवाल्याचा फोन आला, पुढच्या महिन्यात या, तुमचाच कार्यक्रम, पूर्ण दीड तास. किटचा शब्द काढला नाही त्यानं. फक्त म्हणाला, ड्रमर कालचाच आणा.

मी नाही म्हणून सांगितलं. तुला सांगितलं की मामांच्या आजारपणामुळे रद्द केला.

तू तिसऱ्या गाण्यात पळतोस, दादा. पहिल्यापासून पळतोस. मी तुझ्यामागे पळत गायला शिकले, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगते.

मला शिव्या दे, फोन कर, काहीही कर. होळीला ये. आम्ही दोघं न्यायला येऊ का?

तुझी,
केतकी


गौलीगुडा
१८ फेब्रुवारी २०२४

केतकी,

पत्र मिळालं. होळीला येत नाही. तुम्हीही येऊ नका.

शिव्या देणार होतो, सुचल्या नाहीत. एकच सांगतो. २०१४ ला तू नाही म्हणायला नको होतंस. तुझे ते दीड तास होते. तू गेली असतीस तर मी चार दिवस रुसलो असतो आणि पाचव्या दिवशी टाळ्या वाजवायला आलो असतो. तुला एवढंही वाटलं नाही माझ्याबद्दल? त्याऐवजी तू उपकार करत राहिलीस आणि मी किट जिन्यावरून चढवत राहिलो. मणका कशानं गेला ते आता नीट कळलं.

ठरवलं होतं की निदान स्वातीला अंधारात ठेवायचं नाही. गेल्या रविवारी ती आली. मी तिला समोर बसवलं, पाणी दिलं, म्हटलं, बेटा, मन घट्ट कर, तुला बोलावतात ते तुझ्या वाजवण्यासाठी नाही, किटसाठी.

ती म्हणाली, "हौ सर, मालूम है. म्हणून तर मागत होते ना मी."

अगदी साधं म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं, तिच्या लक्षात आलं, आणि बिचारी इतकी ओशाळली की मलाच तिची समजूत घालावी लागली. म्हटलं, नाही गं, मलाही माहीत होतंच, तुला माहीत आहे का ते बघत होतो. खोटं बोलायला अजिबात कष्ट पडत नाहीत, हे पहिल्यांदा कळलं.

ती सतरंजीसाठी आली होती. स्टेजवर बेस ड्रम पुढे सरकतो म्हणाली. मी सतरंजी पसरून दिली. ती मधोमध बसली, हवेतच पाय मारले, हात फिरवले. म्हणाली, "सर, लाल पट्ट्या मला लांब पडतात. या निळ्या कुणाच्या आहेत? त्या एकदम बरोबर बसतात."

मी म्हटलं, एक जण होता, चांगला वाजवायचा.

लाल पट्ट्या मीच काढून दिल्या, नखांनी. खूप जुन्या होत्या, पण निघाल्या. तिला म्हटलं निळ्या राहू दे.

शनिवारी तिचा कार्यक्रम आहे. किट मांडून द्यायला येता का, विचारलं. वजन उचलायचं नाही सर, नुसतं काय कुठं बसतं ते बघायचं, म्हणाली. हो म्हटलं आहे. एकशेसत्तावीसची बस पकडून जाईन. स्नेअर घरीच ठेवणार आहे. गर्दीत उभं राहायचं तर हात मोकळे असलेले बरे.

श्रीनिवास